ड्रॉहडाच्या टॅक्स्या, मीरा रोडहून

आयर्लंडमध्ये ड्रॉहडा नावाचं एक मोठं गाव आहे. मी तिथे कधी गेलेले नाही आणि जाईन असंही वाटत नाही. माझ्याकडे पासपोर्टच नाही. पण त्या गावातली कुठली गल्ली एकेरी आहे, कुठल्या चर्चच्या दारात गाडी थांबू देत नाहीत आणि कुठल्या चढावर म्हाताऱ्या माणसांना धाप लागते, हे मला आमच्या पूनम सागर कॉम्प्लेक्सच्या रस्त्यांपेक्षा जास्त नीट ठाऊक आहे. कारण गेली काही वर्षं त्या गावातल्या टॅक्स्या मी मीरा रोडला बसून सोडतेय.

हे ऐकलं की लोकांना वाटतं मी थापा मारतेय, म्हणून आधी समजावून सांगते. तिथल्या एका टॅक्सी कंपनीला कुणी फोन केला की तो वाजतो इकडे, मीरा रोड स्टेशनच्या बाजूला, मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या दुकानाच्या वरच्या खोलीत. फोन करणारा सांगतो, मला अमुक ठिकाणाहून तमुक ठिकाणी जायचंय. आम्ही ते कम्प्युटरवर टाकतो. तिथल्या ड्रायव्हरला ते त्याच्या फोनवर दिसतं आणि तो गाडी घेऊन निघतो. फोन करणाऱ्याला वाटतं, बाई गावातच कुठेतरी ऑफिसात बसलीये. आमच्या सरांची इच्छा होती की त्याला तसंच वाटत राहावं.

मी त्याआधी घरी इंग्लिशच्या ट्यूशन घ्यायचे. मुलगी कॉलेजात गेली, ट्यूशनची मुलं मोठमोठ्या क्लासेसकडे वळली, आणि मी दुपारभर सासूबाईंबरोबर मालिका बघत बसू लागले. तेव्हा खालच्या मजल्यावरच्या गुजराती बाईंनी सांगितलं, "इंग्लिश बोलनेवाली लेडीज चाहिए, अपने भांजे के ऑफिस में." भाचा म्हणजेच आमचे सर. वयाने माझ्यापेक्षा बरेच लहान, पण मला कायम बेन म्हणायचे आणि घाबरले की जास्तच बेन म्हणायचे.

पहिल्या दिवशी त्यांनी शिकवलं, "बेन, फोन उठाने का और बोलने का, गुड मॉर्निंग, ड्रोघेडा टॅक्सीज." स्पेलिंगमध्ये मध्येच जी आणि एच आहेत, त्यामुळे मलाही ते बरोबर वाटलं. मी पहिला फोन घेतला आणि खणखणीत आवाजात ड्रोघेडा म्हटलं. पलीकडून एक पुरुष म्हणाला, "कुठे?" मी पुन्हा म्हटलं, ड्रोघेडा. तो हसायला लागला, हसता हसता खोकायला लागला, आणि खोकता खोकता त्याने फोन ठेवून दिला. माझं पहिलं गिऱ्हाईक चालत गेलं.

माझ्या बाजूच्या खुर्चीवर उत्तनची एक बाई होती. कोळीवाड्यातली, ख्रिश्चन, तिच्या नवऱ्याची मासेमारीची बोट होती आणि तिचं इंग्लिश माझ्यापेक्षा फर्डं होतं. मी तिला बाय म्हणायचे. ती मला म्हणाली, "ताई, तो मधला घ हाय ना, तो बोलायचा न्हाय. गिळायचा." मी गिळून पाहिला. ड्रॉहडा. पुढच्या माणसाने काही न बोलता पत्ता सांगितला.

घरी सासूबाईंना मात्र ते नाव आजपर्यंत जमलं नाही. त्या रत्नागिरीच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी त्या गावाचं घेवडा करून टाकलं आणि तेच चालू ठेवलं. "काय गो, आज घेवड्यात पाऊस पडला?" असं त्या जेवताना विचारायच्या, आणि लिफ्टमध्ये भेटणाऱ्या बायकांना सांगायच्या, "सून घेवड्याला असते. येऊन जाऊन."

सुरुवातीला मला कामाचा धसका होता, पण एका बाबतीत देवच पावला. तिथली माणसं साडेसातला 'हाफ सेव्हन' म्हणतात. सर म्हणायचे, हाफ सेव्हन म्हणजे सातला अर्धा कमी, म्हणजे साडेसहा. मी म्हटलं, "अहो सर, साडेसात! साडे आणि सात!" त्यांनी गुजरातीत मनातल्या मनात म्हणून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. त्या आठवड्यात कितीतरी माणसांच्या दारात गाडी तासभर आधी जाऊन उभी राहिली होती म्हणे. त्या दिवसापासून ऑफिसात माझं वजन वाढलं.

खरी अडचण पत्त्यांची होती. सरांनी भिंतीवर गावाचा भला मोठा नकाशा लावला होता, पण नकाशावरून पत्ता सांगणारा माणूस त्या गावात बहुतेक जन्मालाच आलेला नाही. सगळे खुणेने सांगतात. अमक्या गेटजवळ या, बुल रिंगला या, जुन्या जकातघराच्या घड्याळाखाली उभी आहे. बुल रिंगला एकही बैल नाही. जकातघरात आता जकात घेत नाहीत. यात मला हसण्यासारखं काही नव्हतं, कारण आमच्याकडेही रिक्षावाल्याला "फाटक" म्हटलं की तो बरोबर नेतो, आणि तिथे उतरून कितीही शोधलं तरी फाटक सापडत नाही.

अशाच एका गुरुवारी एका बाईंचा फोन आला. आवाज म्हातारा पण कडक, शाळेत हेडमास्तरीण असल्यासारखा. म्हणाल्या, "गेटपाशी गाडी पाठव, पोरी." मी नकाशात पाहिलं, वेस्ट गेट लिहिलेलं दिसलं, तिथे गाडी पाठवली. थोड्या वेळाने पुन्हा फोन.

"पोरी, या गावात एकच गेट उभं आहे. तू माझी गाडी जे पडलंय तिथे पाठवलीस."

मी माफी मागितली.

"माफी नको. ऐक. गावाला पूर्वी तट होता आणि तटाला बरीच गेटं होती. आता राहिलं ते लॉरेन्स गेट. दोन गोल बुरूज, मध्ये कमान. कधीही चुकायचं नाही असं. आणि खरं सांगायचं तर तेही गेट नाही."

"म्हणजे?"

"ते गेटाच्या पुढचं राखणीचं ठाणं आहे. खरं गेट त्याच्या मागे होतं. ते गेलं, राखणदार राहिला. आता गाडी पाठव. इथे वारा सुटलाय."

त्यांना मी मनात गुरुवारच्या बाई म्हणायला लागले, कारण त्या दर गुरुवारी सकाळी, म्हणजे आपल्याकडच्या चहाच्या वेळी, फोन करायच्या. उत्तरेकडच्या चढावर त्यांचं घर होतं. तिथून खाली वेस्ट स्ट्रीट या मुख्य रस्त्यावरच्या सेंट पीटर चर्चमध्ये जायचं आणि तासाभराने परत. दुसऱ्याच गुरुवारी मी त्यांना चुकीच्या सेंट पीटरला उतरवलं. कारण त्या गावात सेंट पीटर नावाची दोन चर्चं आहेत, एक कॅथलिकांचं आणि एक प्रोटेस्टंटांचं, आणि दोन्ही एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. बाईंनी ड्रायव्हरच्या फोनवरून मला झापलं. "पोरी, मी बाप्तिस्म्यापासून कॅथलिक आहे. या वयात धर्म बदलायला लावू नकोस."

उत्तनची बाय हे ऐकत होती. ती म्हणाली, "त्यांना विचार, ते चर्चमंदी काय हाय?" मी पुढच्या वेळी विचारलं. बाई म्हणाल्या, "संताचं डोकं आहे."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "डोकं दुखतंय?"

"डोकं आहे! आमचा आर्चबिशप होता. इंग्रजांनी लंडनला नेऊन मारला. त्याचं डोकं इथे काचेत ठेवलंय. मी दर गुरुवारी त्याला भेटायला जाते."

मी हे बायला सांगितलं तर तिने तिथल्या तिथे क्रूस केला आणि माझ्या हातातला हेडफोन जवळजवळ ओढलाच. "ताई, त्यांना सांग, माझ्या नवऱ्याचे बोटीसाठी एक मेणबत्ती लावा. जाळ्यात काय येत न्हाय दोन महिने." मी म्हटलं, अगं आपण गावातच आहोत असं त्यांना वाटतंय, ड्रॉहडात कुणाची बोट? बाय म्हणाली, "नदी हाय ना तिथे? मग बोट बी असंल." मी निरोप दिला. माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याची बोट आहे, असं म्हटलं. बाईंनी मेणबत्ती लावली. त्या आठवड्यात बोटीला पापलेट लागलं. बायने ऑफिसात डबा भरून आणला, आणि सर शुद्ध शाकाहारी असल्यामुळे दिवसभर दारात उभे राहून काम करत होते.

इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. सरांचा एक नियम असा होता की कुणी हवामानाबद्दल बोललं की आपणही बोलायचं, कारण तिथली माणसं नमस्कारासारखं हवामान बोलतात. त्यासाठी स्क्रीनच्या कोपऱ्यात तिथला पाऊस, वारा, थंडी दिसायची सोय होती. मी बिनधास्त म्हणायचे, "हो ना, काय ओलं पडलंय आज." बाहेर मीरा रोडला माणसं उन्हाने वितळत असायची.

मग एका मे महिन्यात आमचा एसी बंद पडला. सरांनी खिडक्या उघडू नका म्हणून सांगितलं होतं, पण ते चहाला गेल्याबरोबर बायने उघडल्या. नेमका गुरुवार. बाईंचा फोन आला.

"पोरी, आज काय म्हणतंय आभाळ?"

मी कोपऱ्यात पाहिलं. "पाऊस आहे हो. छत्री घ्या."

"माझ्या खिडकीत लख्ख ऊन आहे. तूही जरा तुझ्या खिडकीतून बघ."

मी काही बोलणार एवढ्यात खालच्या गल्लीत भंगारवाला शिरला. त्याच्या हातगाडीवर कर्णा लावलेला असतो आणि त्यात त्याचाच रेकॉर्ड केलेला आवाज: टूटाफूटा लोहा, पुराना फ्रिज, पुराना कूलर, प्लास्टिक, बॅटरी. तो बरोबर आमच्या खिडकीखाली थांबला, कारण मोबाइलवाल्याला काहीतरी विकायचं होतं. कर्णा चालूच.

"अरे देवा," बाई म्हणाल्या, "कोण मरतंय तिथे?"

"कुणी नाही. तो... जुनं सामान घेतो."

"कुठे? वेस्ट स्ट्रीटवर?"

मी बायकडे पाहिलं. बायने खांदे उडवले. मी म्हटलं, "मी भारतात आहे. मुंबईच्या वर भाईंदर म्हणून आहे, त्याच्या बाजूला."

मला वाटलं, गेली नोकरी. पण बाई हळूच म्हणाल्या, "म्हणजे माझ्या दारात गाडी तू भारतातून आणतेस. आणि माझा मुलगा नदीपलीकडे राहतो, त्याला आठवड्यातून एकदा यायला सांगितलं तर ट्रॅफिक असतं."

मी आमच्याकडेही तसंच असतं असं म्हटलं. त्या इतक्या हसल्या की त्यांची गाडी दारात येऊन हॉर्न मारायला लागली तरी हसत होत्या.

पण त्यांच्या आवाजातली हेडमास्तरीण मी विसरले होते. पुढच्या गुरुवारी फोन आला तो प्रश्न घेऊनच. "तुला माझं गाव पाठ आहे. आता तुझं सांग. काय काय आहे बघण्यासारखं?"

मी म्हटलं, "खाडी आहे. मिठागरं आहेत."

"जुनं काय?"

मी विचार करू लागले.

"एखादा टॉवर?"

"टॉवर पुष्कळ आहेत," मी सुटकेचा श्वास सोडला. "आमच्या खिडकीतूनच आठ-दहा दिसतात."

"आठ-दहा! आमच्याकडे एक मॅग्डलीन टॉवर उरलाय, मठाचा. तुमचे कुणी बांधले? साधूंनी?"

"बिल्डरने."

"पोरी," त्या म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारपर्यंत काहीतरी जुनं शोधून ठेव."

मी घरी येऊन सांगितलं. सासूबाईंनी ते फारच मनावर घेतलं. घेवड्याच्या बाईने आपल्याला हसावं हे त्यांना सहन होईना. "घोडबंदरला किल्ला आहे ना? रविवारी जाऊ." इतक्या वर्षांत आम्ही घोडबंदर रोडने ठाण्याला शेकडो वेळा गेलो असू, पण किल्ला कधी पाहिला नव्हता. बायलाही विचारलं. ती म्हणाली, "आमचे उत्तनकडं पण चौक गावाला एक किल्ला हाय, पण चल, पहिला तुमचा बघू." म्हणजे तो आधीच माझा झाला होता.

रविवारी सकाळी आम्ही तिघी रिक्षात बसलो. रिक्षावाल्याला म्हटलं, "घोडबंदर किला."

"किला? होटल है क्या?"

"होटल नहीं. किला. लढाई वाला."

"वहाँ लढाई कब हुआ?" त्याने काळजीने विचारलं.

वरसाव्याच्या नाक्यावर नेहमीसारखं जाम होतं. ट्रक, टँकर, कंटेनर, आणि त्यांच्यामध्ये आमची रिक्षा. सासूबाई म्हणाल्या, किल्ला घ्यायला आलेलं सैन्यही इथेच अडकलं असेल. जाम सुटला, गावात शिरलो, दोनदा चुकलो, शेवटी एका कोंबडीवाल्याने हात करून वर दाखवलं. किल्ला खरंच होता! टेकाडावर, नीट डागडुजी केलेला, खाली खाडीचं पाणी चमकत होतं. आणि बुरुजावर एक नवरानवरी लग्नाआधीचे फोटो काढत होती. नवरीचा झगा इतका लांब होता की तिच्या बहिणीने तो धरून ठेवला होता, वाऱ्याने खाडीत जाऊ नये म्हणून.

तिथे एक वॉचमन होता. मी त्याला इतिहास विचारला. तो म्हणाला, "पोर्तुगीजांनी बांधला. मग आपल्या मराठ्यांनी घेतला. मग इंग्रज आले. पूर्वी इथे घोडे उतरायचे जहाजातून, म्हणून घोडबंदर." एवढं सांगून तो नवऱ्याला "भिंतीवर चढू नका" म्हणून ओरडायला गेला.

मला वाटलं काम झालं. पण सासूबाईंनी बुरुजावर हात ठेवून म्हटलं, "मराठ्यांचा किल्ला." बाय म्हणाली, "बांधला पोर्तुगीजांनी, आई. तेंनीच आमचं चर्च बांधलं." सासूबाई म्हणाल्या, बांधणाऱ्याचा नसतो किल्ला, घेणाऱ्याचा असतो. बाय म्हणाली, मग इंग्रजांचा म्हणा, शेवटी तेंनी घेतला. सासूबाईंचा चेहरा लाल झाला. मी म्हटलं, आता तो महापालिकेचा आहे, चला वडापाव खाऊ. दोघी माझ्याकडे अशा पाहायला लागल्या की जणू मीच तो लुटून नेला. परत येताना रिक्षात त्या एकमेकींशी बोलल्या नाहीत. मध्ये मी.

गुरुवारी मी बाईंना सगळं सांगितलं. घोडे, पोर्तुगीज, मराठे, खाडी. झग्याचंही सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "जाळला कुणी?"

"कुणी नाही. माहीत नाही. असेल कुणी."

मग त्यांनी मला त्यांच्या गावाचं एक सांगितलं, जे त्यांनी तोपर्यंत कधी सांगितलं नव्हतं. एक इंग्रज सेनापती समुद्र ओलांडून आला आणि त्याने गावाला वेढा घातला. तट फोडला. माणसं पळून चर्चच्या मनोऱ्यात लपली. दुसऱ्या सेंट पीटरच्या. त्याने मनोऱ्याला खालून आग लावली. "साडेतीनशे वर्षांपेक्षा जास्त झाली," बाई म्हणाल्या, "आणि मी अजून त्या रस्त्याने उतरले की आवाज खाली करते." त्या माणसाचं नाव त्यांनी घेतलं नाही. "तो माणूस" एवढंच म्हणाल्या. मी नाव विचारलं तेव्हा म्हणाल्या, "आमच्या घरात ते बोलत नाहीत. स्पेलिंग पण सांगत नाहीत."

मला एकदम आठवलं, त्याच चर्चच्या दारात मी त्यांना चुकून उतरवलं होतं. त्या नुसत्या धर्माचा विनोद करून मोकळ्या झाल्या होत्या. रात्री जेवताना मी हे सासूबाईंना सांगितलं. त्यांनी भाताचा घास तसाच ठेवला आणि म्हणाल्या, "मेल्याचं नाव घेऊच नये. बरोबर करते ती." मग हात धुऊन आल्यावर म्हणाल्या, "त्या उत्तनवालीला फोन लाव गो. रविवारी तिच्या किल्ल्यावर येतो म्हणून सांग."

आमच्या या गप्पा अर्थातच सरांना कळल्या. कॉल रेकॉर्ड होतात. त्यांनी मला आत बोलावलं आणि तीन वेळा बेन म्हणाले, त्यावरून मी ओळखलं. "बेन, टॅक्सी का काम है कि इतिहास का क्लास? और इंडिया क्यों बोला, बेन?" मी भंगारवाल्याचं सांगितलं. ते डोकं धरून बसले. तेवढ्यात तिकडच्या मालकांचाच फोन आला. आम्हा दोघांनाही वाटलं, संपलं.

झालं होतं असं की बाईंनी गावभर सांगितलं होतं. चर्चमध्ये, न्हाव्याकडे, पोस्टात. आणि मग मालकांना फोन करून ठणकावलं होतं की यापुढे मी गाडी घेईन ती भाईंदरच्या पोरीकडूनच. दुसऱ्या कुणी उचलला तर पायी जाईन, आणि चढावर पडले तर तुझ्या नावाने पडेन. मालक सरांना म्हणाले, लपवायचं सोडून द्या, लोकांना मजा वाटतेय.

लोकांना जरा जास्तच मजा वाटली. पुढचे काही महिने गावातली सगळी म्हातारी माणसं टॅक्सी बोलावताना आम्हाला काही ना काही विचारायची. तिकडे साप आहेत का? तुम्ही आत्ता काय जेवलात? एका आजोबांनी मला लॉरेन्स गेटच्या दोन बुरुजांतला कुठला जुना ते समजावायला इतका वेळ घेतला की त्यांची गाडी येऊन, वाट पाहून, निघून गेली. स्क्रीनवर थांबलेल्या फोनची रांग लागलेली, आणि बाय कुणाला तरी सुकट कशी करायची ते सांगतेय. शेवटी सरांनी भिंतीवर नकाशाच्या खाली कागद चिकटवला: पहले टॅक्सी, बाद में हिस्ट्री.

हळूहळू नवलाई ओसरली. माणसं पुन्हा नुसती टॅक्सी मागू लागली. बाई मात्र दर गुरुवारी होत्या.

गेल्या पावसाळ्यानंतरच्या एका सोमवारी त्यांचा फोन आला. मला गुरुवार नाही म्हणून आश्चर्य वाटलं. "मोठी गाडी पाठव," म्हणाल्या. "दोन बॅगा आहेत आणि एक मांजर आहे. मांजर चावतं, तसं ड्रायव्हरला सांग."

"कुठे जायचंय?"

"मुलाकडे. कायमचं. डॉक्टर म्हणतो एकटं राहायचं नाही." मग दात आवळून, "दक्षिणेला. नदीपलीकडे."

मी पत्ता घेतला. पूल ओलांडला की पाच मिनिटं. मी म्हटलं, जवळच आहे की.

"जवळ!" त्या म्हणाल्या. "पोरी, हे एक गाव नव्हतं. दोन गावं होती. नदीच्या अलीकडे एक, पलीकडे एक. वेगळे मेयर, वेगळे कायदे. जहाजांच्या जकातीवरून एकमेकांची डोकी फोडायचे. मग सहाशे वर्षांपूर्वी एका साधूने दोन्हीकडच्या लोकांना एका चर्चमध्ये बसवून असं काही प्रवचन दिलं की सगळे रडले आणि एक गाव झाले."

"छान झालं ना मग."

"मी तिथे नव्हते," बाई म्हणाल्या. "असते तर उठून दोन शब्द बोलले असते."

मी मोठी गाडी पाठवली. मांजर ड्रायव्हरला चावलं. ते त्याने आम्हाला कळवलं.

घरी सांगितलं तर सासूबाई गंभीर झाल्या. आम्ही मीरा रोडला येण्याआधी भाईंदर वेस्टला मोरव्यात चाळीत राहायचो. त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, फ्लॅट घेतला तेव्हा सासूबाई महिनाभर सामान बांधून बसल्या होत्या आणि सोडत नव्हत्या. आता त्या म्हणाल्या, "तिला विचार, पलीकडे मासे बरे मिळतात का. तिथूनच सुरुवात करायची असते."

त्या गुरुवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही. बाय दर अर्ध्या तासाने माझ्याकडे बघायची. मी नाही म्हणून मान हलवायचे. सर म्हणाले, "बेन, बुढे लोग हैं," आणि मग स्वतःच अस्वस्थ होऊन बाहेर चहा प्यायला गेले.

तिसऱ्या गुरुवारी आला. "सेंट पीटर. माझं सेंट पीटर, दुसरं नाही. आणि ड्रायव्हर तो नको, त्याच्या हाताला अजून पट्टी आहे आणि तो दाखवत फिरतोय."

मी गाडी टाकली. विचारलं, घर कसं आहे? त्या म्हणाल्या, मुलाचं घर मिलमाउंटच्या खाली आहे. मिलमाउंट म्हणजे दक्षिणेकडची टेकडी, वर एक बुटका गोल किल्ला. तिथले लोक त्याला कपबशी म्हणतात, टेकडी म्हणजे उपडी बशी आणि वर कप. "जन्मभर मी त्या कपबशीकडे पलीकडून पाहत होते आणि नावं ठेवत होते. आता रोज सकाळी सून मला त्याखाली चहा देते. साखर कमी असते."

"आणि मासे?" मी सासूबाईंचा प्रश्न विचारला.

"मासे बरे आहेत," त्यांनी नाइलाजाने मान्य केलं. "एक सांगू? इथल्या स्वयंपाकघरातून माझं गाव दिसतं. सगळं. लॉरेन्स गेटचे बुरूज, मॅग्डलीन टॉवर, दोन्ही सेंट पीटर, माझ्या घराचं धुराडं. आत राहत होते तेव्हा कधी दिसलं नाही."

स्क्रीनवर गाडी त्यांच्या दारात पोचलेली दिसत होती. मी म्हटलं, "बाई, गाडी आलीये."

"थांबू दे जरा," त्या म्हणाल्या. "ऊन पडलंय."

मी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं आणि पुढचा फोन घेतला.